जीर्णोद्धाराच्या आधी ते दगड एकदा बघा: गोव्यातल्या देवस्थान समित्यांना आणि महाजनांना खुलं पत्र

सर्व देवस्थान समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार आणि समस्त महाजन मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धाराची कामं निघतात. पावतीपुस्तकं छापली जातात, कॉन्ट्रॅक्टर ठरतो, कर्नाटकातून नाहीतर तामिळनाडूतून शिल्पकार बोलावले जातात आणि तुळशीचं लग्न झालं की अंगणात जेसीबी येऊन उभा राहतो. मी स्वतः एका देवळाचा महाजन, म्हणजे देवस्थानाचा पिढीजात सभासद आहे, समितीत काम करणारी माणसं स्वतःचा धंदा नोकरी सांभाळून रात्री अकरा अकरापर्यंत मीटिंगा करतात हे मी बघितलंय, त्यामुळे कुणावर दोषारोप करायला हे लिहीत नाहीये. मागणी एकच आहे. जुन्या दगडाला, विटेला, लाकडाला हात लावायच्या आधी त्याची नोंद करा. कुठे होता, कसा होता, कुठल्या दिशेला तोंड करून होता. बस. बाकीचं पत्र हे का मागतोय ते सांगायला आहे, लांबलंय, पण वेळ काढून वाचा.

आमच्या तालुक्यातल्या एका देवळात (नाव लिहीत नाही, कुणाला खाली बघायला लावायचं नाहीये) अग्रशाळेच्या (भक्तांना उतरायच्या इमारतीच्या) मागे एक वीरगळ, म्हणजे मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड होता. कमरेएवढा उंच, एका बाजूने शेवाळ धरलेला. खालच्या कप्प्यात होडी, होडीत वल्हं मारणारे एका ओळीत, त्यांची डोकी झिजून नुसते गोल उंचवटे राहिलेले, आणि होडीच्या टोकाला ढाल घेऊन उभा असलेला एक माणूस. मधल्या कप्प्यात त्याच माणसाला दोन अप्सरा दोन्ही दंडांना धरून वर नेतायत. त्याच्या वर शिवलिंग, एका बाजूला पूजा करणारा, दुसऱ्या बाजूला आपला हा माणूस हात जोडून बसलेला. आणि अगदी माथ्याला चंद्र सूर्य. अग्रशाळा वाढवायची म्हणून मागची जागा सपाट केली तेव्हा तो दगड दोन तुकडे होऊन काँक्रीटच्या खाली गेला. कुणी मुद्दाम केलं नाही, कामगारांना तो दगडच वाटला आणि बघायला त्या वेळी तिथे कोणी नव्हतं.

आता त्या एका दगडात किती होतं बघा. समुद्रावर किंवा खाडीत लढाई झाली, या गावचा माणूस त्यात मेला, गावाने त्याची आठवण म्हणून दगड उभा केला, आणि लढाईत मेलेला माणूस शिवाच्या पायाशी जातो अशी त्या लोकांची श्रद्धा होती. लढाई, गाव आणि देव, तिन्ही एका दगडावर, आणि हे कुठल्या पुराणात नाही की कुठल्या बखरीत नाही. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये असे होड्यांचे वीरगळ ठेवलेत, मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला आहेत, ज्यांनी बघितले नसतील त्यांनी जाऊन बघा. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या आरमाराबद्दल आपण अभिमानाने बोलतो ना, त्या आरमारातली साधी माणसं आपल्याला भेटतात ती या दगडांवरच. पण म्युझियममध्ये ठेवलेल्या दगडाला त्याचं गाव विचारलं तर ते रजिस्टरमध्ये कुणी लिहिलं असेल तरच कळतं. गावातून माणसं दर्यावर जायची का, कुठल्या नदीवाटे जायची, त्या वेळी तिथे शिवाचं देऊळ होतं का, हे सगळं दगड जागेवर असताना विचारता येतं, जागा गेली की दगड फक्त सुंदर राहतो. पोलीस पंचनामा व्हायच्या आधीच कुणी खोली धुऊन पुसून ठेवली तर जे होतं तेच इथे होतं.

आपल्याला वाटतं धर्माचा इतिहास पोथ्यांत आहे. आहे, पण पोथ्या पुन्हा पुन्हा उतरवल्या जातात, त्यात भर पडते, काही गळतं, आणि मूळ कधीचं हे सांगणं फार अवघड होतं. दगडावर, तांब्यावर, नाण्यावर कोरलेलं मात्र त्या दिवशी कोरलं ते तसंच राहतं. आपल्या सप्तकोटेश्वराचंच घ्या. दिवाडी बेटावरचं कदंबांचं मूळ देऊळ आज नाही, लिंग नार्व्याला आलं, शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख तिथे आहे. पण बाराव्या शतकात या देवाचं स्थान काय होतं हे कशावरून कळतं? कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवरून. एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला अक्षरं, की या राजाला सप्तकोटीश्वराच्या वराचा प्रसाद मिळालाय. राजा नाण्यावर स्वतःच्या नावाबरोबर देवाचं नाव घालतो म्हणजे ते राजघराण्याचं दैवत होतं हे सांगायला दुसरा कुठला पुरावा लागत नाही. देऊळ पाडता येतं, पण शेकडो हातांतून फिरलेली नाणी कोण गोळा करणार.

दुसरं एक उदाहरण गोव्याबाहेरचं आहे पण ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते अगदी आपल्या देवळांसारखं आहे. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पुजायचे, शेंदूर लावायचे, पिढ्यान् पिढ्या. १८७७ साली इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम तिथे गेला, त्याने खांब बघितला, पण शेंदराचा थर एवढा जाड की खाली अक्षरं आहेत हे त्याला दिसलंच नाही. १९०९ च्या सुमाराला थर काढल्यावर खाली ब्राह्मी लिपीतला लेख निघाला, आणि त्यात काय तर तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा दूत हेलिओडोरस सांगतोय की मी भागवत, म्हणजे वासुदेवाचा भक्त आहे आणि देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज मी उभारलाय. इसवी सनापूर्वी दुसरं शतक! वासुदेवाची भक्ती किती जुनी, ती परक्या माणसापर्यंत कशी पोचली होती, हे एका खांबाने सांगितलं. आपल्या जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे त्यातही सुरुवातीच्या नमनात संकर्षण वासुदेव आहेत. दोन्ही मिळून जो इतिहास उभा राहतो त्याला कुणी हात लावू शकत नाही. आणि हे लक्षात घ्या की तो खांब टिकला कशामुळे, तर गावकऱ्यांनी पुजला म्हणून. श्रद्धेने दगड राखला आणि अभ्यासाने वाचला. मला तुमच्याकडून हे दोन्ही हवंय, म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण सरकारी खात्याच्या यादीत असलेली स्मारकं थोडी आहेत आणि तुमच्या आवारात पडलेले दगड त्याच्या कितीतरी पट जास्त.

आपल्या भूमीत कोण कोण राहून गेलं हे बघितलं की छाती भरून येते. बार्देशात कोलवाळजवळ मुशीर इथे इतिहास संशोधक फादर हेरास यांना १९३० साली बुद्धाची मूर्ती मिळाली, डोकं नसलेली, ती आता मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या हेरास इन्स्टिट्यूटमध्ये आहे. भोज घराण्यातल्या राजांचा एक ताम्रपट आपल्या दक्षिणेला हिरेगुत्तीला मिळाला त्यात बौद्ध संघाला दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे मूर्ती एकटी नाही, तिला ताम्रपटाचा आधार आहे, आणि पुराव्याचं असंच असतं, एकाने दुसऱ्याला धरून ठेवावं लागतं. बांदिवड्याला, कुडण्याला जैन वास्तूंचे अवशेष आहेत, जिथे आज गावात एकही जैन घर नसेल. कदंब राजा जयकेशी पहिला याच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटात ताजिक कुळातल्या, म्हणजे अरबी मुसलमान घराण्यातल्या माणसाचा आणि मशिदीच्या खर्चासाठी लावलेल्या कराचा उल्लेख आहे, आणि तो राजा स्वतः शिवभक्त. कुणाला यातलं काही आवडेल कुणाला काही आवडणार नाही, पण आहे ते आहे, आणि मला स्वतःला यातून आपलं गोवं लहान होतंय असं कधी वाटलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण पुरावा कशाला उत्तर देऊ शकत नाही हेही तेवढंच स्पष्ट लिहायला पाहिजे. हल्ली व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला काहीतरी येतं, अमुक सिद्ध झालं तमुक सिद्ध झालं, आणि आपल्या देवळांच्या ग्रुपवर ते सगळ्यात जास्त फिरतं. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही आपली कथा, लहानपणापासून ऐकलेली, बाणावली गावाच्या नावात आपण ती बघतो. मला ती प्रिय आहे. पण कुठे डोंगरावर शिंपले सापडले की लगेच लोक म्हणतात झालं, सिद्ध झालं. समुद्राची पातळी वरखाली होते हे खरं, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि नंतर बर्फ वितळला तसा समुद्र वर चढत आला, म्हणजे माणसाच्या आठवणीच्या आवाक्यातला मोठा बदल हा पाणी जमिनीवर येण्याचा आहे. शिंपला पाण्याबद्दल सांगेल, बाणाबद्दल त्याला विचारू नका. परशुरामाची कथा कोकणात कोण कधी आलं, जमीन कोणी कसायला घेतली, तिच्यावर हक्क कसा सांगितला याची आठवण आहे असं मला वाटतं, आणि तिचा अभ्यास त्या अंगाने झाला तर तिचा मान वाढेल.

दोना पावलाला आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्याच टीमने डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला, दगडी नांगर मिळाले, बांधकामाचे दगड मिळाले. त्यावर आजही अभ्यासकांत चर्चा आहे, त्यातले बरेच नांगर नंतरच्या काळातल्या बंदराचे असावेत असं त्याच क्षेत्रातली माणसं सांगतात. हे वाचून कुणाचा कृष्ण कमी होत नाही. आणि याच्या उलट २००१ साली खंभातच्या आखातातली बातमी आठवते का, साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं शहर म्हणून? लाकडाच्या एका तुकड्याचं वय तेवढं निघालं होतं, चाचणी बरोबरच असेल, पण तो तुकडा समुद्रतळ खरवडून ड्रेजिंगने वर काढलेला. कुठल्या थरात होता, कशाच्या शेजारी होता, काही माहीत नाही, तिथल्या पाण्याला भयंकर ओढ आहे, लाकूड कुठूनही वाहत आलेलं असू शकतं. लाकूड जुनं आहे यावरून शहर जुनं ठरत नाही. जागा हरवली की वय मिळूनसुद्धा उपयोग नाही, हे मला परत परत सांगावंसं वाटतं.

वयाचंच निघालंय तर, देवळाच्या दगडाची कार्बन डेटिंग करून घेऊया असं समितीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास बोलतो. दगडाची होत नाही. जे कधीतरी जिवंत होतं त्याचीच होते, लाकूड, कोळसा, हाड, धान्य, आणि तीही साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच. म्हणून पायाच्या खड्ड्यात सापडलेला कोळशाचा मूठभर तुकडा कोरीव खांबापेक्षा जास्त बोलू शकतो. केपे सांगे भागात कुशावतीच्या काठाला उसगाळीमळ, पणसायमळ म्हणतो आपण, तिथली जांभ्यावरची चित्रं १९९३ साली जगापुढे आली, बैल, हरणं, मोर, ते गोल गोल चक्रव्यूहासारखं चित्र. कुठे लिहितात दहा हजार वर्षं, कुठे वीस हजार. जांभ्यावर कोरलेल्या रेघेचं वय सरळ मोजता येत नाही, आजूबाजूची हत्यारं, चित्रांची शैली यावरून अंदाज करावा लागतो, आणि अंदाजाला अंदाजच म्हटलं पाहिजे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली त्यात गोव्यातलं हे एक ठिकाण आहे, बाकीची सगळी महाराष्ट्रातली. त्याला मोठ्या आकड्याच्या टेकूची गरज नाही. हरवळ्याच्या गुहांना आपण पांडवांच्या म्हणतो, नाशिकच्या पांडवलेणीलाही म्हणतो आणि ती तर बौद्ध लेणी. बांधणारे विसरले गेले की लोक पांडवांचं नाव देतात, ते नावही जपूया, पण हरवळ्याला आत लिंगावर ब्राह्मी अक्षरं आहेत ती त्या बांधणाऱ्यांच्या काळची आहेत, दोन्ही वेगळं ठेवून सांगितलं तर मुलांना जास्त गंमत वाटते हा माझा शाळेतला अनुभव आहे.

काम कसं असावं याचा नमुना हवा तर जुन्या गोव्यात आहे, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या टॉवरपाशी. जॉर्जियाची राणी केतेवान, १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने तिला मारलं, धर्म सोडला नाही म्हणून. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गोव्याला आणल्या, आणि पोर्तुगीज कागदात लिहिलेलं की चॅप्टर चॅपेलमध्ये खिडकीजवळ दगडी पेटीत ठेवल्यात. छप्पर पडलं, भिंती पडल्या, खिडकी कुठली हेच कळेना. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी कागद हातात घेऊन एकेक जागा जुळवत खोदलं, हाताचं हाड मिळालं, मग हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आईकडून येणारा वंश भारतातल्या हजारो नमुन्यांत मिळत नव्हता आणि जॉर्जियात मिळत होता. एवढं सगळं जुळूनसुद्धा २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी लिहिलं काय, तर हे अवशेष बहुधा राणीचे आहेत. बहुधा! २०२१ साली ते जॉर्जियाला दिले तेव्हा तिथे लोकांनी डोक्यावर घेतले. कागद, जमीन आणि प्रयोगशाळा तिन्हींनी एकच गोष्ट सांगितली तरी तो एक शब्द त्यांनी सोडला नाही, आणि त्या एका शब्दामुळेच माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसतो.

हे सगळं मी देवस्थानांना का सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे. २०२२ च्या बजेटात सरकारने पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी ठेवले, समिती नेमली, लोकांकडून माहिती मागवली, तेव्हापासून गावागावात कुठल्या जागी काय होतं याची चर्चा चालू आहे. देवळं पाडली हा इतिहास आहे, तो पोर्तुगीजांच्याच कागदांत आहे, पाडलेल्या देवळांच्या जमिनी त्यांच्या फोरालांत, म्हणजे जमिनीच्या नोंदवह्यांत लिहिलेल्या आहेत, मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून का आणि कशी आली हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण चर्चच्या भिंतीत किंवा कुणाच्या भाटात (बागायतीत) एक कोरीव दगड दिसला म्हणजे देऊळ तिथेच होतं असं होत नाही. दगड फिरतात. जुन्या गोव्यात सेंट कायतान चर्चसमोर आदिलशहाच्या वाड्याचं जे दार उभं आहे त्यातले काळे कोरीव दगड हिंदू देवळाच्या धाटणीचे आहेत, वाडा आदिलशहाचा, आणि पुढे त्याच वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले. एका दारात तीन राजवटी. त्या दगडांवरून देऊळ होतं एवढं कळतं, कुठे होतं ते कळत नाही. जागा ठरवायची तर पाया लागतो, थर लागतो, कागद लागतो. जो माणूस पुराव्याशिवाय जागा सांगतो तो खऱ्या जागेचंही नुकसान करतो, कारण उद्या ती खरी निघाली तरी कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि सांतेरी देवी. तिच्या आपल्या कितीतरी देवळांत मूळ स्थान वारूळ आहे, त्याच्यावर मुखवटा, साडी, दागिने. ही पूजा दगडी मूर्तींच्या आधीची असावी असं खूप अभ्यासक म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं, पण वारूळ मातीत मिसळलं की खोदकामात त्याचं काही मिळत नाही. देवराईचंही तेच, झाडाखाली ठेवलेला न घडवलेला दगड, त्याला पुरातत्त्वाच्या भाषेत ओळख नाही. म्हणजे जमिनीतून निघालं नाही म्हणून नव्हतं असं म्हणता येत नाही. इथे खोदकाम काही सांगणार नाही, इथे देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्यातली नावं, कुठल्या कुळाला कुठला मान, पालखी कुठे थांबते, गावच्या राखणदार देवचाराला काय देतात, हे सगळं म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेतलं पाहिजे. आणि वारुळाच्या गर्भगृहात एसी आणि ग्रॅनाईट बसवताना ओल बंद होऊन ते वारूळ मरतं का याचा विचार करा, कुणा जाणत्याला विचारून करा.

जीर्णोद्धाराबद्दल माझं एक मत आहे ते पटो न पटो. आपल्या फोंडा महालातल्या, डिचोली पेडण्यातल्या देवळांचे घुमट, दीपस्तंभ, चौकाची लाकडी कामं, कावीची चित्रं, हाच आपला धार्मिक इतिहास आहे, १५६० नंतर देव घेऊन पळालेल्या लोकांनी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर येऊन परत काय उभं केलं त्याचा. घुमटावर परकी छाप आहे म्हणून तो पाडून सिमेंटचं दाक्षिणात्य गोपूर लावायचं हे मला पटत नाही. कावीचं काम जवळून बघितलंय का? चुन्याचा गिलावा, त्याच्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना वर आणायचा, वेलीचं एकेक पान, हंसाचं एकेक पीस असं. बोट फिरवलं तर रेघेची खोली लागते. भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट मारला की ते संपलं, परत करणारा हात नाही. नार्व्याचं सप्तकोटेश्वर २०२३ साली दुरुस्त होऊन उघडलं ते जुनं रूप ठेवूनच झालं, म्हणजे होतं, करता येतं.

तर करायचं काय. देवस्थान रेगुलामेंत, म्हणजे देवस्थानांचा पोर्तुगीज काळातला कायदा, १९३३ चा, त्याप्रमाणे देवाच्या सोन्याचांदीचा हिशोब आपण किती काटेकोर ठेवतो, नथीतल्या मोत्यापर्यंत. त्याच वहीत दगडांना चार पानं द्या. प्रत्येक जुन्या मूर्तीचा, वीरगळाचा, खांबाचा, पायरीत घातलेल्या कोरीव तुकड्याचा चारी बाजूंनी फोटो, शेजारी फूटपट्टी, मोबाईलवर लोकेशन, आणि देवळाच्या नकाशावर खूण. अक्षरं झिजलेली असतील तर सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी तिरक्या उजेडात फोटो काढा, दुपारी काही दिसत नाही. खडूने गिरवू नका, रंग भरू नका, ॲसिडने धुऊ नका, शेंदूर स्वतः खरवडू नका, अक्षरांचा ठसा कसा घ्यायचा हे पुरातत्त्व खात्यातल्या माणसांना येतं, त्यांना बोलवा. पाया खोदताना जेसीबी अर्धा तास थांबवून खड्ड्याच्या भिंतीचा फोटो घ्या, मातीचे वेगवेगळ्या रंगाचे पट्टे दिसतात, खापरं, मोठ्या जुन्या विटा, कोळसा कुठल्या पट्ट्यात होता ते लिहून ठेवा, कोळसा हाताने न घेता स्वच्छ फॉइलमध्ये बांधा. चांदरला कोटात जमिनीखाली विटांच्या देवळाचा पाया मिळाला, वरून बघणाऱ्याला ते साधं मोकळं मैदान.

खंडित मूर्तीचा विषय नाजूक आहे. पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात, शास्त्र आहे, मी त्याच्या विरुद्ध बोलत नाही. पण आधी फोटो, मापं आणि नोंद, आणि भटजींशी बोलून बघा, विधीपूर्वक देवत्व काढून घेतल्यावर ती मूर्ती आवारातच एका छपराखाली ठेवता येते का. बऱ्याच ठिकाणी भटजी स्वतःच हो म्हणतात. आवारात जमत नसेल तर पणजीचं राज्य म्युझियम आहे. आणि तळीचा गाळ काढाल तेव्हा गाळ भरलेला ट्रक शेतात रिकामा करायच्या आधी कुणालातरी तिथे उभं करा, पूर्वी सोडलेल्या मूर्ती त्यातच असतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या वरची मूर्ती ही पुरावस्तू आहे आणि दगडी, धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते, हे कित्येक समित्यांना माहीतच नाही. नोंदणी केली म्हणजे सरकार मूर्ती घेऊन जातं ही भीती काढून टाका, मालकी देवस्थानाचीच राहते, उलट चोरी झाली तर परत मागायला तोच कागद लागतो.

यंदा ज्यांचं काम निघणार आहे त्यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या करारात एक कलम घालावं, की जुना कोरीव दगड, मूर्ती, लेख, नाणं काहीही निघालं तर काम त्या जागी थांबेल आणि समितीला कळवल्याशिवाय हलवलं जाणार नाही, आणि थांबलेल्या वेळाचे पैसे समिती देईल. पैशाचं लिहिलं नाही तर तो थांबणार नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कलमाचा मजकूर मराठीत लिहून द्यायला, दगडांचे फोटो काढायला, वही आखून द्यायला मी कुठल्याही तालुक्यात यायला तयार आहे, माझ्याबरोबर माझे दोन जुने विद्यार्थी येतात, त्यांना कॅमेऱ्याचं कळतं. जाण्यायेण्याचा खर्च नको. फक्त दिवाळीच्या आधी बोलवा, जेसीबी आल्यावर नको.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातला एक महाजन, निवृत्त शिक्षक